यंत्ररचनेत वानगीचे स्थान

निपाणीच्या बाजारात तंबाखूचा बोद उघडून, पान चुरगाळून, नाकाशी धरून पाहिल्यावाचून सौदा करणारा व्यापारी आमच्या पाहण्यात नाही. गुळाचा रवा फोडून त्याची कणी आणि रंग पाहिला जातो. धान्याच्या पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतले जातात, आणि त्यांतील चार दाणे दाताखाली गेल्यावरच भावाची गोष्ट निघते. विकणारा सख्खा भाऊ असला तरी या रीतीत फरक पडत नाही. हिला आपण वानगी पाहणे म्हणतो, आणि ती पाहण्यात अविश्वास आहे असे कोणी मानीत नाही.

परंतु हाच चोखंदळ व्यापारी यंत्राच्या बाबतीत मात्र वेगळा वागतो, हे आम्ही अनेक वेळा पाहिले आहे. एखादा होतकरू तरुण अभियंता नव्या यंत्राचा आराखडा घेऊन पेढीवर येतो. कागद स्वच्छ असतो, रेघा सुबक असतात, मापे शतांश मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असतात. आता तर संगणकाच्या पडद्यावर ते यंत्र फिरतानाही दिसते. ते पाहून आपण भारावतो, आणि एक नग बनवून पाहण्याआधीच पन्नास नगांची रक्कम मोकळी करतो. आराखडा हे मालाचे वर्णन आहे, माल नव्हे, एवढा साधा भेद त्या क्षणी आपल्या ध्यानातून निसटतो. प्रस्तुत लेखात या भेदाचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. यंत्राची वानगी नाना प्रकारची असते. कधी ती मूळ वस्तूहून लहान असते, जशी धरणाची वा जहाजाची प्रतिकृती. कधी ती पूर्ण आकाराची, पण लाकडाची किंवा पुठ्ठ्याची असते. ती काम करीत नाही, तथापि हात कोठे पोहोचतो, झाकण कोठे अडते, हे सांगते. आणि कधी ती खऱ्या धातूची, खरे काम करणारी पहिली प्रत असते, जिला कारखान्यात प्रोटोटाइप म्हणतात. तिघींचे काम निराळे आहे. एकीने दिलेले उत्तर दुसरीच्या प्रश्नाला लावले, तर फसगत होते; त्याविषयी पुढे येईलच.

या विषयाचा धडा शोधण्यास दूर जावयास नको. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या हौसेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतील भेद डोळ्यांना कळत नाही असे आढळून आल्यावर त्यांनी यांत्रिक रेखांकनाकडे मोर्चा वळविला, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजतात. त्या आरंभी बेळगावात होते ते सायकलींचे दुकान, बंधू रामूअण्णा यांच्या साथीने चालविलेले. मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावी आले, आणि त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व नंतर, १९०३ मध्ये, लोखंडी नांगर तयार केला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. यांत्रिक रेखांकन शिकविण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांच्या हाती आराखड्यात उणे काय राहणार? तरीही तो नांगर सुमारे दोन वर्षे विकला गेला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती खोटी होती हे आज आपण सहज म्हणतो. पण पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या माणसाला कागद दाखवून ती काढता आली नसती. नांगर जमिनीत शिरला पाहिजे, बैलांनी तो ओढला पाहिजे, तासातली ढेकळे उलटली पाहिजेत, आणि पुढच्या हंगामात त्याच शेतात पीक उभे राहिले पाहिजे. तेव्हा कोठे शंका फिटते. वानगी बनविणाऱ्याला शिकविते, तशीच ती वापरणाऱ्यालाही शिकविते, हा तिचा दुसरा गुण आपल्या धंद्याच्या दृष्टीने पहिल्याहूनही मोलाचा आहे. पुढे बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळ जमीन दिली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

नांगराचाच विषय निघाला आहे, म्हणून फाळाविषयी एक गोष्ट सांगतो. इंग्लंडमधील इप्सविच गावी रॉबर्ट रॅन्सम यांची ओतशाळा होती. तेथे एक साचा फुटला आणि वितळलेला रस थंड लोखंडावर सांडला. जेथे तो थंड धातूला टेकला होता, तेथे त्याचा पृष्ठभाग विलक्षण कठीण झालेला आढळला, असे सांगतात. १८०३ साली त्यांनी या रीतीच्या फाळाचे पेटंट घेतले. फाळाची खालची बाजू कठीण, वरची मऊ. चालता चालता वरची बाजू अधिक झिजते आणि धार आपोआप तीक्ष्ण राहते. आता हे कागदावर कसे सुचावे? आराखड्यात कठीण लोखंडाची रेघ आणि मऊ लोखंडाची रेघ सारखीच असते. धातूचा स्वभाव हातातल्या तुकड्यातच दिसतो.

या उपदेशाचा अधिकार आम्हांस कोठून आला, असे कोणी विचारील, तर तो आमच्याच नुकसानीतून आला. बेळगावच्या पश्चिमेस आमच्या बेळगुंदीच्या बाजूला भाताचे पीक मोठे. काही वर्षांपूर्वी भात उफणण्याचे हातपंख्याचे यंत्र बनवून विकावे असे आमच्या मनात आले. एका परिचित अभियंत्याने आराखडा काढून दिला. पंख्याचा वेग, चाळणीचा उतार, पोचट दाणे किती अंतरावर पडतील, सर्व गणिताने ठरविलेले होते. आम्ही एकदम पंचवीस नग करवून घेतले. खळ्यावर पहिले यंत्र उभे केले, तेव्हा वारा उत्तम आला, पोल उडाला, दाणा स्वच्छ पडला. आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बायका पुन्हा सूप घेऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या.

कारण विचारले, तेव्हा त्या हसल्या. वरच्या चाड्याचे तोंड जमिनीपासून साडेपाच फुटांवर होते. भाताने भरलेली पाटी डोक्याच्याही वर उचलून त्यात ओतावी लागे, आणि हे काम दिवसभरात शेकडो वेळा करावयाचे. आराखड्यात यंत्र होते, बाई नव्हती.

आम्ही म्हटले, पाय नऊ इंच कापून टाकू. कापले. त्याबरोबर चाळणीचा उतार मोडला, आणि ओलसर भात तिच्यावर बसून राहू लागला. उतार वाढविला, तर दाणे पंख्याच्या कवचाला अडू लागले. यंत्राच्या एका अंगास हात लावला की दुसरे हलते, हे ज्ञान पंचवीस नग पदरी पडल्यावर आम्हांस झाले. शेवटी गावच्या सुताराने फळांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून दोन दिवसांत एक पोकळ सांगाडा उभा केला. त्यात पंखा नव्हता, चाळणी नव्हती. आम्ही तो खळ्यावर नेला आणि त्याच बायकांना रिकामी व मग भरलेली पाटी त्यात ओतावयास सांगितले. त्यांनी स्वतःच कोळशाने खूण केली. ती सव्वाचार फुटांवर आली. त्या खुणेवरून खाली मोजीत यंत्र नव्याने रचले, लांब चाळणीच्या जागी दोन आखूड चाळण्या एकीखाली एक बसविल्या, आणि तिसऱ्या वानगीस ते लोकांच्या पसंतीस उतरले. पहिल्या पंचवीस नगांचे लोखंड मोडीत गेले. सुताराची मजुरी त्यातल्या एका नगाच्या किमतीहूनही कमी होती.

आपल्या मुनिजनांच्या आचारात ईर्यासमिती सांगितली आहे. पुढची चार हात भूमी पाहून मगच पाऊल टाकावयाचे. तिचा हेतू जीवरक्षणाचा आहे, आणि धंद्याशी तिची तुलना करणे काहींस रुचणार नाही. पण पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्यक्ष भूमीच पाहावयाची असते, भूमीचे वर्णन वाचावयाचे नसते, एवढी गोष्ट आम्हांस त्या खळ्यावर आठवली खरी.

आता जगातील एका मोठ्या उदाहरणाकडे वळू, कारण त्यात अभियंत्याइतकाच व्यापाऱ्यालाही धडा आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या मालकीची न्यूकोमेनच्या वाफेच्या एंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. ती १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॅट या उपकरणे बनविणाऱ्या कारागिराकडे दुरुस्तीस आली. दुरुस्त होऊनही ती नीट चालेना. काही फेऱ्या होताच बाष्पकातली वाफ संपे. मोठी एंजिने खाणींतून वर्षानुवर्षे पाणी उपसत होती, मग लहान का चालू नये? विवाहाच्या पंक्तीतील आमटीचे मोठे पातेले तासभर गरम राहते आणि वाटीतली आमटी घास संपण्याआधी निवते, हे आपल्या भगिनी जाणतातच. वस्तूची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो, पण आतली जागा आठपट होते. लहान नळकांड्यात वाफेच्या मानाने धातूचा पृष्ठभाग फार, म्हणून ती वाफ भिंतींवरच थिजून जाई. मोठ्या एंजिनातही हा नाश होतच होता. पण तेथे तो लपून राहत असे. प्रतिकृतीने तो उघड केला.

वाफ थंड करण्याचे काम मुख्य नळकांड्यात न करता वेगळ्या भांड्यात करावे, ही कल्पना वॅटला १७६५ मध्ये सुचली. ती तपासण्यास त्याने काय वापरले? शस्त्रवैद्याची पितळेची मोठी पिचकारी, पावणेदोन इंच व्यासाची आणि दहा इंच लांब. घरात जे मिळाले त्याची वानगी केली आणि कल्पना खरी आहे की खोटी याचा निवाडा करून घेतला.

परंतु पिचकारीने जे सिद्ध केले ते कल्पनेपुरतेच होते. त्या आकारापासून खाणीच्या एंजिनापर्यंत जाण्यास आणखी अकरा वर्षे लागली. एवढे मोठे नळकांडे आतून अचूक गोल कोरणारा कोणी भेटत नव्हता. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी काढलेल्या यंत्राच्या धर्तीवर १७७५ च्या सुमारास ते जमले, आणि १७७६ मध्ये खऱ्या कामावरची पहिली एंजिने उभी राहिली. मधल्या काळात वानग्यांचा खर्च कोणी सोसला? प्रथम जॉन रोबक यांनी, पेटंटातील दोन-तृतीयांश वाट्याच्या बदल्यात. १७७३ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. त्यांच्याकडे बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांचे सुमारे बाराशे पौंड येणे होते. बोल्टन यांनी त्या येण्यापोटी एंजिनाच्या पेटंटातील तो वाटा पत्करला. कागदावर त्याची किंमत शून्य म्हणावी अशीच होती. पण बोल्टन स्वतः कारखाना चालविणारे होते, आणि अर्धवट चाललेल्या वानगीत काय दडले आहे हे त्यांस ओळखता आले. पुढे पार्लमेंटने त्या पेटंटाची मुदत १८०० पर्यंत वाढविली, आणि बोल्टन व वॅट यांची पेढी जगप्रसिद्ध झाली. रोबक यांस आम्ही मूर्ख म्हणणार नाही. त्यांचे इतर व्यवहार त्यांस भोवले. मात्र वानगीचा खर्च पाचव्या वर्षी संपेल की अकराव्या, याचा हिशेब आधी मांडता येत नाही, ही गोष्ट भांडवल देणाऱ्याने पहिल्या दिवशीच जाणून घेतली पाहिजे.

लहान प्रतिकृती मोठ्या वस्तूचे सारे सत्य सांगत नाही, हे वॅटच्या गोष्टीत आलेच. पुण्याजवळ खडकवासल्यास केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेल्या पाटबंधारे संशोधनातून ते वाढले. तेथे नद्या, बंदरे, धरणांचे सांडवे यांच्या प्रतिकृती मोकळ्या जागेत वा मोठ्या छपरांखाली उभारून त्यांतून पाणी सोडतात. नदीची प्रतिकृती करताना लांबी ज्या प्रमाणात लहान करावयाची, त्याच प्रमाणात खोली लहान केली, तर पाण्याचा थर इतका पातळ होईल की तो नदीसारखा वाहणारच नाही. म्हणून पुष्कळदा खोलीचे प्रमाण मुद्दाम वेगळे ठेवावे लागते. वानगी करणे हीही अशी एक विद्या आहे. कोणता प्रश्न विचारावयाचा हे ठरवून मगच ती घडवावी लागते. आमच्या खोक्याच्या सांगाड्यात पंखा नव्हता, कारण त्याला वाऱ्याविषयी काही विचारावयाचेच नव्हते.

बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील ओतशाळांशी आपल्यापैकी अनेकांचा संबंध येतो. तेथील पॅटर्न बनविणाऱ्या कारागिरांकडे आपले लक्ष क्वचितच जाते, हे आम्हांस खेदाने लिहावे लागत आहे. ओतीव वस्तू प्रथम त्यांच्या हातून लाकडात जन्म घेते. लोखंडाचा रस थिजताना शंभरास सुमारे एक या मानाने आकसतो, म्हणून त्यांची मोजपट्टीच निराळी, नेहमीच्या पट्टीहून किंचित लांब असते. वाळूतून पॅटर्न सुखाने वर यावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा तिरकसपणा द्यावा लागतो. आतले कोपरे गोल करावे लागतात, नाहीतर थंड होताना तेथेच तडा जातो. पंपाच्या कवचाचा आराखडा घेऊन गेलेल्या नव्या अभियंत्याला असा अनुभवी कारागीर दोन मिनिटांत विचारतो, "साहेब, हा निघणार कसा?" हा प्रश्न पडद्यावर विचारला जात नाही असे नव्हे, आज संगणक रस कसा वाहील आणि कोठे पोकळी राहील याचाही अंदाज देतो, आणि त्रिमित छपाईने पॅटर्न थोड्या अवधीत बनतो. ही साधने वापरू नयेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्यामुळे वानगी स्वस्त झाली, पाच करावयाच्या तेथे दोन पुरू लागल्या. परंतु संगणक त्याला जे सांगितले तेवढ्याचेच गणित करतो. पहिले ओतकाम कापून आत पाहणे अजून कोणत्याही शहाण्या ओतशाळेने सोडलेले नाही.

सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगलोर येथे म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. तिच्यात पुढे काम केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्या पहिल्या प्रतीत एका जातीचे एंजिन होते, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या प्रतीत दुसऱ्या जातीचे. पुढची सारी विमाने या दुसऱ्या एंजिनावर बनली. डॉ. घाटगे जर्मनीत प्रख्यात प्राध्यापक प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले, गणितात कोणास हार जाणारे नव्हेत. त्यांनीही विमानांची रांग लावण्यापूर्वी एकेक प्रत आकाशात धाडली.

तेव्हा आमची सभासद बंधूंस एक सूचना आहे. घरचा मुलगा, भाचा किंवा ओळखीचा तरुण यंत्राची कल्पना घेऊन आला, तर त्यास आराखड्यावरून भांडवल देऊ नये आणि आराखड्यावरून परतही पाठवू नये. त्यास म्हणावे, "यात तुला सर्वांत अधिक शंका कोठे आहे, तेवढाच भाग करून आण." लाकडाचा असो, पत्र्याचा असो, दोरीने बांधलेला असो. त्यासाठी जी रक्कम द्यावयाची ती यंत्राच्या भांडवलात मिसळू नये. खतावणीत तिचे वेगळे खाते घालावे आणि ती परत येईल अशी अपेक्षा न ठेवता द्यावी. एक वानगी मोडली म्हणून खाते बंद करू नये. आमच्या पाहण्यात पहिली वानगी शेवटची ठरल्याचे उदाहरण नाही. तीनपर्यंतची तरतूद आधीच मनात धरावी, आणि प्रत्येक वेळी ती वस्तू जो रोज हाताळणार आहे, त्याच्या हाती ती देऊन आपण बाजूस उभे राहावे, बोलू नये. बनविणाऱ्यास तर तेथे मुळीच बोलू देऊ नये. तो कसे धरावे हे सांगू लागतो आणि दोष झाकला जातो.

मोडलेली वानगी भंगारात घालू नये, ही शेवटची विनंती. तिला चिठ्ठी बांधावी. तीत तारीख, कोठे मोडली, आणि मोडली तेव्हा कोणाच्या हाती होती, एवढे लिहावे. आमच्या बेळगुंदीच्या वखारीत तो फळांच्या खोक्यांचा सांगाडा अद्याप उभा आहे. कोळशाची खूण पुसट होत चालली म्हणून गेल्या दिवाळीस तीवर खिळा ठोकून ठेविला आहे.